जुन्या लॅपटॉपची डिस्क बदलताना स्क्रूड्रायव्हर सगळ्यात शेवटी

दुकानात दुरुस्तीला येणारे जुने लॅपटॉप बऱ्याचदा घरी एकदा उघडून झालेले असतात. दोन स्क्रू गायब, एक चुकीच्या भोकात पिळलेला, कीबोर्डची पट्टी अर्धवट लोंबणारी. मग गिऱ्हाईक सांगतं, "चाय करून, पिऊन इलंय तरी तां गोल आपला फिरतांच आसा, म्हणून नवीन एसएसडी मागवली, बसवली. आता तर चालूच होणा नाय."

काम मुळात अवघड नाही. आठ-दहा वर्षांचा लॅपटॉप हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) बसवली की पुन्हा वापरण्याजोगा होतो. चुकतो तो क्रम. पार्सल आलं की लोक पहिल्यांदा लॅपटॉप उघडतात, मग विंडोजचं काय करायचं ते शोधतात आणि शेवटी, जुनी डिस्क दोनदा हातातून पडल्यावर, डेटा आठवतो. खाली क्रम सरळ लावून दिला आहे. पहिले चार टप्पे होईपर्यंत स्क्रूड्रायव्हर कपाटातच राहू द्या.

१. दुखणं नक्की कुठे आहे?

हळू चालणारा प्रत्येक लॅपटॉप डिस्कमुळेच हळू असतो असं नाही. चालू करून दहा मिनिटं तसाच राहू द्या. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सच्या पानावर जा.

डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली आहे आणि खाली वाचण्या-लिहिण्याचा वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी दिसतोय? मग दुखणं डिस्कचं आहे. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला बहुधा ५,४०० फेरे घेणारी तबकडी असते आणि तिच्यावर वाचणारा काटा पुढे-मागे सरकतो. एक मोठी फाइल सलग वाचायची तर ती सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास वेग देते. पण विंडोज चालू होताना हजारो बारीक फाइली लागतात, आणि काट्याचा सगळा वेळ धावण्यात जातो. एसएसडीत काटाच नाही, फरक पडतो तो तिथे.

मेमरी ८५-९० टक्के भरली असेल तर रॅम कमी पडते आहे. चार जीबीच्या लॅपटॉपवर आताचं ब्राउझर उघडलं की हे व्हायचंच. रॅममध्ये न मावलेला माल विंडोज डिस्कवर ठेवते, त्यामुळे डिस्कही १०० टक्के दिसते. अशा ठिकाणी एसएसडी आणि रॅम दोन्ही एकाच वेळी बदला, दोनदा उघडू नका.

सीपीयू भरलेला, पंखा ओरडतोय आणि बूड तापलंय, तर आधी पंखा साफ करून घ्या. आपल्याकडे कोकणात पंख्यावर नुसती धूळ बसत नाही. खारी हवा आणि स्वयंपाकघराचा धूर मिळून तिचा चिकट नमदा होतो. तो तसाच ठेवून एसएसडी बसवली तर पैसे गेले, लॅपटॉप आहे तिथेच.

आता डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींमधला शेवटचा आकडा बघा. तिन्हीकडे शून्यच हवं. सी५ समोर शून्य सोडून काहीही असेल तर डिस्कवरचे काही कप्पे आत्ताच वाचता येत नाहीत असं समजा. वरचा शेरा निळा असला तरी मी या तीन आकड्यांवरच भरवसा ठेवतो.

*सावधान:* डिस्कमधून टक्-टक् असा ठराविक आवाज येत असेल तर लॅपटॉप ताबडतोब बंद करा. चेक डिस्क चालवू नका, डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) तर अजिबात नको. मरायला टेकलेल्या डिस्कला कसरत करायला लावणं आहे ते. डेटा मोलाचा असेल तर डेटा परत मिळवून देणाऱ्यांकडेच न्या. गावात कुणाला उघडायला देऊ नका.

२. काय बसेल ते बघूनच मागवा

लॅपटॉपच्या बुडाखालच्या स्टिकरवर पूर्ण मॉडेल नंबर असतो. तो टाकून कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल किंवा तोच लॅपटॉप उघडण्याचा व्हिडिओ शोधा आणि शेवटपर्यंत बघा. 'साधारण असाच' दिसणारा दुसरा चालणार नाही.

साधारण २०१८ पर्यंतच्या बहुतेक लॅपटॉपांत अडीच इंची साटा डिस्क असते (साटा हे डिस्क जोडायच्या पद्धतीचं नाव). तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी जशीच्या तशी बसते. फक्त जाडी बघायची. जुनी डिस्क बऱ्याचदा ९.५ मिलिमीटर जाड असते, एसएसडी ७ मिलिमीटर. मधल्या अडीच मिलिमीटरसाठी प्लास्टिकची चौकट मिळते. ती नसली तर एसएसडी आत हलते आणि महिन्या-दोन महिन्यांत जोड सैल होतो.

काही लॅपटॉपांत एम.२ ची पट्टीसारखी जागाही असते. लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्या आकारात साटाही येते आणि एनव्हीएमई ही जोडायची नवी, जास्त वेगवान पद्धतही. जागा फक्त साटाची असेल तर एनव्हीएमई पट्टी आत बसेलही कदाचित, पण लॅपटॉपला ती दिसणार नाही. मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते वाचा. लांबीही तपासा: २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब.

अगदी स्वस्तात घेतलेल्या छोट्या लॅपटॉपांत ३२ किंवा ६४ जीबीचं ईएमएमसी स्टोरेज बोर्डावरच डाखलेलं असतं. ते काढून बदलता येत नाही. मॉडेल शोधताना हे दिसलं तर पुढचं सगळं विसरा.

किती जीबीची घ्यायची? १२० नको, वर्षात भरते. २४० ही कमीत कमी, ५०० मिळाली तर उत्तम. २४० ची विंडोजमध्ये २२३ आणि ५०० ची ४६५ दिसते. दुकानदाराने फसवलं असं नव्हे, मोजायची पद्धत वेगळी आहे. मात्र अनोळखी नावाची 'दोन टीबी' एसएसडी निम्म्या किमतीत दिसली तर हात आखडता घ्या. त्या खोक्यात बऱ्याचदा लहान मेमरी कार्ड आणि खोटा आकडा निघतो. वॉरंटी आणि पक्कं बिल असलेलीच घ्या.

रॅम घेताना डीडीआर३, डीडीआर३एल आणि डीडीआर४ यांची गल्लत नको. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर३एल १.३५ वर चालते. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला डीडीआर३एलच हवी, जुन्या लॅपटॉपमधली उसनी पट्टी टाकली तर स्क्रीन काळाच राहतो.

सोबत मागवायचं: साटा ते यूएसबी केबल, चांगल्या टोकाचा छोटा फुलीचा स्क्रूड्रायव्हर, आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

३. डेटा, आणि तो कुठेकुठे लपलेला असतो

'डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो घेतले' असं म्हणून लोक मोकळे होतात. मीही एकदा झालो होतो. एका आंबा बागायतदाराचा लॅपटॉप होता. तीन फोल्डर कॉपी केले, नवी डिस्क बसवली, लॅपटॉप दिला. संध्याकाळी फोन: तीन हंगामांचा पेट्यांचा हिशेब नाही. त्याच्या टॅलीचा डेटा सी ड्राइव्हवर थेट एका भलत्याच नावाच्या फोल्डरमध्ये होता. जुनी डिस्क मी अजून पुसली नव्हती म्हणून निभावलं.

तेव्हापासून या जागा एकेक करून बघतो:

- टॅली किंवा दुसरं हिशेबाचं सॉफ्टवेअर. टॅलीत कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटाचा मार्ग दिसतो. तो कागदावर लिहून घ्या, बॅकअप तिथूनच घ्या.
- मराठी फाँट. श्री-लिपी, शिवाजी अशा जुन्या फाँटांत टाइप केलेल्या पत्रिका, ठराव, अर्ज युनिकोडमध्ये नसतात. फाँट नसेल तर फाइल उघडते, पण पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. विंडोजमधल्या फाँट्सच्या फोल्डरची कॉपी घ्या आणि सॉफ्टवेअरचा परवान्याचा नंबर किंवा डोंगल (यूएसबीत लावायची परवान्याची किल्ली) कुठे आहे ते आधी शोधा.
- ब्राउझरमधले पासवर्ड. अकाउंटमध्ये सिंक चालू आहे का बघा. नसेल तर पासवर्ड फाइलमध्ये काढून घ्या, आणि काम झालं की ती फाइल पुसा.
- डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर.
- लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस ज्या ईमेलवर नोंदवलं, तो ईमेल आणि त्याचा पासवर्ड. हा कुणालाच आठवत नाही.

कॉपी दोन ठिकाणी हवी, आणि दोन्ही एकाच कपाटात नकोत. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात लॅपटॉप आणि त्याच्या बॅकअपची डिस्क एकाच टेबलासकट पाण्याखाली गेली, अशी घरं थोडी नव्हती. एक प्रत माळ्यावर किंवा नातेवाइकांकडे ठेवा. थोडा डेटा असेल तर क्लाउडवर.

*तपासा:* कॉपी झाली म्हणजे काम झालं असं नाही. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून पाच-सहा फाइली उघडून बघा. एक जुना फोटो, एक हिशेब, एक मराठी पत्र. उघडले तरच पुढे जा.

४. क्लोन की कोरी विंडोज?

क्लोन म्हणजे जुनी डिस्क विंडोजसकट जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवणं. माझा नियम सोपा आहे. पहिल्या टप्प्यातले तिन्ही आकडे शून्य असतील आणि विंडोज नीट चालत असेल, फक्त हळू, तर क्लोन करा. तिन्हींपैकी एक जरी आकडा शून्य नसेल, किंवा विंडोजच कुरकुरत असेल, तर कोरी विंडोज टाका. आजारी डिस्कचा क्लोन अर्ध्यावर अडकतो, नाहीतर दुखण्यासकट नव्या डिस्कवर येतो.

*क्लोन करत असाल तर.* आधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. असेल तर बंद करा आणि ते पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. ४८ आकडी रिकव्हरी की तरीही लिहून ठेवा. मग एसएसडी यूएसबी केबलने लावा, शक्यतो निळ्या रंगाच्या पोर्टमध्ये, आणि एसएसडीच्या कंपनीचंच क्लोन करायचं सॉफ्टवेअर वापरा. नवी डिस्क लहान असेल तर जुन्यावरचा भरलेला भाग तिच्यात मावायला हवा. मावत नसेल तर चित्रपट आधी बाहेर काढा.

*सावधान:* 'कुठून' आणि 'कुठे' हे दोन खाने उलटे भरले तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं पुसलं जातं. सुरू करण्याआधी दोन्हीकडचं नाव आणि आकार मोठ्याने वाचा. मी अजूनही वाचतो.

दोन-तीनशे जीबीच्या क्लोनला दीड-दोन तास लागतात, कधी जास्तही. तेवढ्यात लाईट जाणार हे धरूनच चाला. जुन्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटं टिकते, म्हणून चार्जर इन्व्हर्टरवर लावा. वैशाखातल्या दुपारी किंवा परतीच्या पावसात आभाळ गडगडायला लागलं असेल तर क्लोन सुरूच करू नका. तशा वेळी लॅपटॉप प्लगमधून काढलेलाच बरा.

*कोरी विंडोज टाकत असाल तर.* मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन निदान आठ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर विंडोज तयार करा. डाउनलोड पाच-सहा जीबीचा असतो, मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीत तो होत नाही. वाडीत ब्रॉडबँड नसेल तर तालुक्याच्या गावी जाऊन हे काम आधीच उरकून या. लॅपटॉप उघडून ठेवल्यावर हे लक्षात आलं तर दोन दिवस तसाच पडून राहतो. त्याच पेन ड्राइव्हवर वायफायचा ड्रायव्हरही ठेवा. विसरलात तर फोन केबलने लावून यूएसबी टेदरिंगने फोनचं इंटरनेट वापरता येतं.

विंडोजचा परवाना बहुधा मदरबोर्डाशी बांधलेला असतो, डिस्क बदलली तरी जात नाही. आवृत्ती तीच टाका, होम असेल तर होम. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) व साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना लॅपटॉप नुसता ब्राउझर आणि व्हिडिओसाठी असेल तर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून देतो. टॅली आणि श्री-लिपीवर पोट असेल तर मात्र विंडोजच ठेवा.

५. आता उघडा

दिवस कोरडा निवडा. आषाढात करावंच लागलं तर पागोळ्या गळणाऱ्या पडवीत बसू नका, आतल्या खोलीत बसा. डोक्यावरचा पंखा बंद करा, नाहीतर कागदावर मांडलेले स्क्रू उडतात.

शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, म्हणजे विंडोज अर्धवट झोपत नाही, पूर्ण बंद होते. चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा आणि पॉवरचं बटण वीस सेकंद दाबून ठेवा. बॅटरी आत असेल तर झाकण उघडल्यावर पहिलं काम तिचा जोड काढणं. त्याआधी आतल्या कशालाही बोट लावू नका.

स्क्रूंसाठी घरातला रिकामा मिसळणाचा डबा घ्या. प्रत्येक वाटीत एका बाजूचे स्क्रू. लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की तो वरून तळहात ठेवायच्या जागी बाहेर येतो. सगळे काढूनही झाकण हलत नसेल तर जोर लावू नका. रबरी पायांच्या खाली किंवा डीव्हीडीच्या खाचेत एखादा स्क्रू लपलेला असतो. झाकण सोडवायला जुनं एटीएम कार्ड वापरा, सुरी नाही.

काही मॉडेलांत कीबोर्ड वर उचलावा लागतो. त्याची पातळ पट्टी ओढायची नसते. तिच्या जोडावरची नखाएवढी पट्टी आधी वर करायची, मग केबल आपोआप सुटते. ही तुटली तर कीबोर्ड बंद, आणि ती सुटी मिळत नाही.

जुनी डिस्क जोडाच्या उलट दिशेला सरळ सरकवून काढा. तिच्या बाजूची पत्र्याची चौकट एसएसडीला लावा. लगेच बसवू नका, आधी लॅपटॉपमधला जोड टॉर्चने बघा. किनाऱ्याजवळच्या घरांतल्या लॅपटॉपांत तिथे हिरवट किंवा पांढरट थर हमखास सापडतो. मऊ ब्रशला आयसोप्रोपिल लावून हलक्या हाताने पुसा आणि पंधरा मिनिटं वाळू द्या. गंज काढायचा तेलकट स्प्रे मारू नका. रॅमच्या पट्टीची सोनेरी टोकं काळवंडली असतील तर पांढऱ्या खोडरबराने एकाच दिशेने घासा आणि भुगा झटका.

एम.२ पट्टी तिरपी, साधारण तीस अंशांत आत घालायची, मग दाबून स्क्रू लावायचा. आडवी ठोसू नका. रॅम दोन्ही बाजूंच्या चापांनी 'टक्' आवाज केला की बसली.

*तपासा:* झाकण पूर्ण बंद करण्याआधी बॅटरीचा जोड लावा, झाकण नुसतं टेकवा आणि लॅपटॉप चालू करून बायोसमध्ये (विंडोजच्या आधीचा सेटिंगचा पडदा) जा, त्याचं बटण बहुधा एफ २, एफ १० किंवा डिलीट. नवी डिस्क आणि रॅमचा आकडा तिथे दिसायला हवा. दिसला तर बंद करा, बॅटरीचा जोड पुन्हा काढा, सगळे स्क्रू नीट लावा. उगाच आठ स्क्रू पुन्हा काढावे लागत नाहीत.

६. पहिल्यांदा चालू करताना

क्लोन केला असेल तर पहिल्या सुरुवातीला फक्त नवी डिस्क लावलेली हवी. जुनी यूएसबीला लटकत ठेवली तर दोघींची ओळख एकच असल्याने विंडोजचा गोंधळ होतो.

कोरी विंडोज टाकतानाही जुनी डिस्क बाहेरच ठेवा. डीव्हीडीच्या जागी कॅडी (डिस्क धरणारी चौकट) लावून ती आत ठेवायची असेल तरी नंतर. नाहीतर चालू व्हायला लागणारा छोटा भाग जुन्या डिस्कवर जाऊन बसतो, आणि वर्षाने ती काढली की लॅपटॉप उठत नाही. विंडोज कुठे टाकायची हे विचारल्यावर नव्या डिस्कवरची रिकामी जागा निवडून पुढे जा, स्वतः भाग पाडत बसू नका.

बायोसमध्ये साटाचा मोड एएचसीआय असेल तर उत्तम. क्लोन केलेल्या विंडोजवर मात्र तो मोड हौसेने बदलू नका, निळा पडदा येतो.

विंडोज उठली की 'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' उघडा. समोर 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' असं दिसलं पाहिजे. तिथलं वेळापत्रक चालू राहू द्या, एसएसडी ओळखल्यावर विंडोज तिला डीफ्रॅग नाही, ट्रिम करते, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं तिला कळवते. बाहेरून आणलेलं कुठलंही डीफ्रॅगचं सॉफ्टवेअर काढून टाका. पंधरा-वीस टक्के जागा रिकामी ठेवा.

आठवड्याने क्रिस्टलडिस्कइन्फो पुन्हा उघडून सी७ ची ओळ बघा. हा आकडा डिस्कचा नाही, जोडाचा आणि केबलचा. तो वाढत चालला असेल आणि लॅपटॉप मधूनच गोठत असेल तर नवी एसएसडी परत पाठवायच्या आधी जोड पुन्हा साफ करून बसवा. खाऱ्या हवेतल्या लॅपटॉपांत मला हे वारंवार दिसतं.

७. जुन्या डिस्कचं काय?

महिनाभर तिला हात लावू नका. तारीख लिहून चिकटपट्टी लावा, प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून स्टीलच्या डब्यात ठेवा. तांदळाच्या डब्यात नको, कण आणि पीठ जोडात जातं. या महिन्यात काहीतरी हमखास आठवतं: मुलीच्या बारशाचे फोटो, सोसायटीचा ठराव.

महिन्यानंतर ०५, सी५, सी६ शून्य असतील तर यूएसबी खोक्यात घालून बॅकअपला वापरा. नसतील तर वापरू नका, कुणाला देऊही नका. भंगारवाल्याला द्यायची तर आधी पूर्ण पुसा, आणि ती संगणकाला लागतच नसेल तर उघडून तबकडी मोडा. काही तबकड्या काचेच्या असतात, म्हणून त्या आधी फडक्यात गुंडाळून मगच हातोडी मारा.